चाळीस माणसांचा नगारा

मी सेगरानच्या मशिदीतला नगारा बोलतोय. टिपरू पडल्याशिवाय तोंड उघडायचे नाही, हा माझ्या जातीचा धर्म. आज तो मोडतो आहे, कारण टिपरू धरणारा हातच आता येथे नाही, आणि सांगण्यासारखे मात्र पुष्कळ उरले आहे.

जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर आमचे गाव आहे. घरे अजून उभी आहेत, पण खिडक्यांपर्यंत खाऱ्या पाण्यात. उंबरठ्यावरून मासे ये-जा करतात. त्यांना कोणी हाकलत नाही.

माझा जन्म दोन मरणांतून झाला. डोंगरउतारावरचा एक जुना फणस वादळात पडला. त्याच्या बुंध्याने मला पोट दिले. एक म्हैस म्हातारपणी गेली. तिच्या कातड्याने मला वाणी दिली. मला घडवणारा विर्योसुमो नावाचा वृद्ध कारागीर प्रत्येक खुंटी ठोकताना देवाचे नाव घेई. माझे पोट पोखरताना तो एकदा मला म्हणाला, "रागावू नकोस बाबा. आत काही उरलं नाही, तरच त्याचं बोलणं तुझ्यातून जाईल." त्या वेळी मला ते कळले नाही. रिकामेपणाचे दोन प्रकार असतात, हे कळायला मला साठ वर्षे लागली.

मला बैलगाडीतून गावात आणले तेव्हा मशिदीभोवती भाताची शेते होती आणि समुद्र म्हणजे नारळांच्या पलीकडची एक निळी रेघ होती. अजानेच्या आधी मी दिवसातून पाच वेळा बोलत असे. शुक्रवारी दुपारी मात्र माझा घोष लांब, दुहेरी, चढत जाणारा असे. तो ऐकून शेतातली माणसे पाय धुऊन बांधावरून रांगेने येत. त्या पावलांची थरथर जमिनीतून माझ्या चौकटीत चढे, आणि आपण कोणाचे तरी आहोत या जाणिवेने माझे लाकूड भरून येई.

शुक्रवारच्या नमाजेचा आमच्याकडे एक नेम आहे. गावात कायम राहणारे किमान चाळीस जाणते पुरुष हजर असतील, तरच ती पढायची. एक जरी कमी पडला तरी रोजची दुपारची नमाज पढून घरी जायचे. त्या काळी मशिदीत अडीचशे माणसे मावत नसत, म्हणून हा नेम कोणाच्या ध्यानातही नव्हता.

मग कोळंबीचे दिवस आले. शेते मोडून तळी झाली, आणि तळ्यांना जागा हवी म्हणून किनाऱ्यावरचे तिवरांचे रान तोडले गेले. तोडणारे परके नव्हते. मी ज्यांना प्रार्थनेला बोलावीत असे तेच हात सकाळी कोयता धरीत. गावाला पैसा दिसला, मशिदीला फरशी बसली, मला नवे कातडे मिळाले. मीही त्या सुखाचा वाटेकरी आहे. हे लपवले तर माझे सांगणे खोटे ठरेल.

पाणी प्रथम एका पौर्णिमेला रस्त्यावर आले. लोक म्हणाले, जाईल. ते गेलेही. मग दर पौर्णिमेला आले, मग दर आठवड्याला, आणि एका वर्षी ते परत जायचेच विसरले. तेव्हा ज्याने त्याने आपल्या घरात भराव घालून जमीन उंच केली. एका घरची जमीन उंच झाली की तिथले पाणी शेजारच्या घरात शिरे; मग शेजारी भराव घाली. असे आळीपाळीने सारे गाव उंच होत गेले आणि पाणी होते तेवढेच जवळ राहिले. मशिदीचीही जमीन तीनदा उंच केली. माती महाग, म्हणून खाली गावाचा कचरा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, फुटकी भांडी, आणि वर हातभर माती.

ज्यांना परवडले ते निघून गेले. अडीचशेचे नव्वद झाले, नव्वदाचे पन्नास. तेव्हापासून मशिदीचा राखणदार, ज्याला सारे गाव म्बाह म्हणजे आजोबा म्हणे तो कस्बोला, दर शुक्रवारी दारात उभा राहून माणसे मोजू लागला. मला वाजवण्याचे काम त्याचेच होते. त्याची बायको याच गावच्या मातीत होती, आणि ती माती पाण्याखाली होती. मुलगी शहरातून निरोप पाठवी, "बाबा, या आता." तो म्हणे, "शुक्रवार बंद पडू दे, मग येतो." आणि शुक्रवार बंद पडू नये म्हणून तो जिवाचे रान करी.

अखेर गावात बरोबर चाळीस पुरुष उरले.

त्या सुमारास एका शुक्रवारी विद्यापीठातला एक तरुण होडीतून आला. हवामानाबद्दल लोकांना काय वाटते, हे त्याला विचारायचे होते. तो शेवटच्या ओळीत बसला. म्बाह कस्बोलाने दारातून मोजले आणि समाधानाने मान हलवली. "चाळीस झाले."

"एकोणचाळीस," इमाम म्हणाले. "हा पाहुणा आहे. पाहुणा धरता येत नाही."

"इतका भिजलाय, आजचा दिवस गावकरी समजा की," म्बाह म्हणाला.

"भिजून गावकरी होता आलं असतं, तर मासेही मोजले असते."

तेवढ्यात तार्मिदी नावाचा मच्छीमार छातीभर पाण्यातून, कपडे डोक्यावर धरून आला. त्याला पाहून म्बाहच्या डोळ्यांत जे आले ते मी इतक्या जवळून पाहिले, की माझाच शुक्रवारचा घोष मला प्यारा वाटू लागला.

नमाज झाल्यावर तरुणाने कागद काढला. "समुद्र वाढतोय, असं तुम्हाला वाटतं का?"

कोळंबीवाला जुमेरी म्हणाला, "वाटतं कसलं, बाळा? लुंगी पिळून दाखवू?"

"कारण काय असावं? हवामान, कारखाने, देवाची इच्छा, की इतर?"

"देवाला 'इतर'च्या शेजारी बसवलंस होय रे?" इमामांनी विचारले, आणि तरुण ओशाळला.

"कारखाने लिही," जुमेरी म्हणाला. "जमिनीखालचं पाणी उपसून उपसून त्यांनी आपल्याला खाली बसवलंय."

"आणि तिवरं कोणी तोडली, जुमेरीकाका? कोळंबी कोणाची होती?" तार्मिदीने विचारले.

"तुझ्या लग्नाच्या ताटात होती ती."

सगळे हसले. तरुणाने पुढचा प्रश्न वाचला. "तुम्हाला याची काळजी किती वाटते? खूप, थोडी, की अजिबात नाही?"

चाळीस माणसांनी "खूप" म्हटले. एकालाही शंका नव्हती, एकही अजाण नव्हता.

"मग तुम्ही स्वतः काय करता?"

 जुमेरी म्हणाला, "जमीन उंच करतो."

"आणि पाणी?"

"ते याच्याकडे जातं," शेजाऱ्याकडे बोट दाखवून तो म्हणाला. या वेळी फक्त तो शेजारी हसला.

माणसे पांगल्यावर तार्मिदी मागे राहिला. त्याची बायको सुलास्त्री गर्भार होती. "म्बाह, मी हलतो म्हणतोय. सुलास्त्रीला आठवा लागलाय. सुईण तिकडे पक्क्या रस्त्याला. वेळेला होडी मिळाली नाही तर?"

"तू गेलास की एकोणचाळीस."

"ते माझ्या एकट्याच्या डोक्यावर का?"

"गेलेला प्रत्येक जण हेच म्हणून गेला. ईदपर्यंत थांब. नगाऱ्यावर हात ठेवून सांग."

तार्मिदीने माझ्या कातड्यावर हात ठेवला. तो हात थंड होता. मी शपथ ऐकली आणि, देवा मला क्षमा करो, मी सुखावलो. एका गर्भार बाईच्या भीतीपेक्षा मला माझा शुक्रवार प्यारा वाटला.

तेरा दिवसांनी, भरतीच्या वेळी, सुलास्त्रीला होडीत घालून नेताना मी ऐकले. इंजिनाचा आवाज दूर जाता जाता एकदम थांबला. मग बाईचे कण्हणे पाण्यावरून आले. नमाजेची वेळ नसताना म्बाहने टिपरू उचलले आणि मला असे बडवले की पूर्वी कधी बडवले नव्हते. घराघरांतून माणसे पाण्यात उतरली. इंजिनाच्या पात्याला काही तरी घट्ट गुंडाळले होते. बहात्तर वर्षांचा म्बाह गळाभर पाण्यात उभा राहून ते ओढत होता, आणि बाकीचे होडी हातांनी ढकलत होते.

मूल होडीतच जन्मले. पुष्कळ वेळ ते रडले नाही. मग रडले. आईला अकरा दिवस इस्पितळात ठेवावे लागले.

संध्याकाळी म्बाह माझ्यासमोर येऊन बसला. पात्यातून निघालेले ते त्याने बरोबर आणले होते: तांदळाची प्लॅस्टिकची गोणी, हिरव्या सुतळीने तोंड बांधलेली. तो ती पुनःपुन्हा उलटून पाहत होता. ती गाठ त्याची होती. तिसऱ्या भरावाच्या वेळी त्यानेच कचरा भरून, तोंड बांधून ती मशिदीच्या जमिनीखाली घातली होती. लाटांनी भराव खालून पोखरला होता, आणि आम्ही जे पायाखाली दडवले ते एका बाळंतिणीच्या वाटेत जाऊन उभे राहिले होते. तो रडला नाही. त्याने सुतळी सोडली आणि गोणी घडी करून बाजूला ठेवली.

पुढच्या शुक्रवारी तार्मिदी इस्पितळातून नमाजेला आला. शपथ होती ना. चाळीस भरले. मी माझा लांब घोष केला. तो शेवटचा, हे फक्त एकाला माहीत होते.

नमाज संपताच म्बाहने सर्वांसमक्ष तार्मिदीचा हात धरून माझ्यावर ठेवला, आणि मग स्वतःच तो उचलून घेतला. "शपथ सुटली. जा, पोरा. तिला आणि लेकराला इकडे आणू नकोस."

"मग शुक्रवारचं काय, म्बाह?"

"एकोणचाळीस जण दुपारची साधी नमाज पढू. मोजणारा वर आहे, त्याला आकडे कळतात."

"मुलगा झालाय ना?" जुमेरी म्हणाला. "चाळिसावा आलाच म्हणायचा. पंधरा वर्षं दम धरा फक्त."

कोणी तरी हसले. मग जुमेरीच हळू आवाजात म्हणाला, "म्बाह, खरं सांगू? मीही दोन वर्षांपूर्वीच गेलो असतो. तुमच्यासाठी थांबलो होतो."

"आणि आम्ही तुझ्यासाठी," मागून एक जण म्हणाला. एकेक करून साऱ्यांनी तेच सांगितले. प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबला होता आणि कोणीच दुसऱ्याला विचारले नव्हते. इतकी वर्षे जे माझ्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसत, ते आपापल्या काळजीत एकटे होते. एकदा जरी मोकळे बोलले असते, तर सारे मिळून एका जागी गेले असते, सारे मिळून बांध मागितला असता, सारे मिळून तिवरे लावली असती. आता ते चाळीस दिशांना गेले. त्यानंतरच्या पावसाळ्यापर्यंत गाव रिकामे झाले.

मला न्यायला होडी आली होती. पण मी आत आलो तेव्हा दार उंच होते. तीन भरावांनी ते इतके ठेंगणे झाले होते की माणूसही वाकून जाई. दोर बांधून चौघांनी प्रयत्न केला, मी चौकटीत अडकलो. भिंत तोडावी तर छप्पर खाली येते. ज्या उपायाने त्यांनी मला पाण्यापासून वाचवले, त्यानेच मला येथे कोंडले. कोणाचा दोष म्हणू? त्यांनी मायेनेच केले होते.

म्बाह सर्वांत शेवटी गेला. मुलगी होडीत वाट पाहत होती. तो शुक्रवार होता आणि दुपार झाली होती. त्याने टिपरू हातात घेतले, दारात गेला, रिकाम्या पाण्याकडे पाहून मोजले, आणि परत येऊन ते न वाजवताच माझ्या पायाशी ठेवले. मग कपाळ माझ्या कातड्याला टेकवून तो म्हणाला, "माफ कर. तुझी हाक ऐकायला माणसं हवीत, म्हणून मी माणसांना बुडवीत होतो."

आता खाऱ्या हवेने माझे कातडे सैल झाले आहे. मोठ्या भरतीला लाट आत येऊन माझ्या पोटावर आपटते. आवाज होतो, पण त्यात हाक नसते. लाटेला कोणालाही बोलवायचे नसते. मी मात्र सवयीने कान देतो, कोणाची पावले येतात का म्हणून.

ऐकणाऱ्यांनो, तुमच्या गावी नदी असेल, नाला असेल, धूर असेल. काळजी तुम्हालाही वाटत असेल. सेगरानमध्ये ती सर्वांनाच वाटत होती. तुम्ही एवढेच करा: आज ज्याच्या शेजारी बसाल, त्याला विचारा, की बाबा, तुझ्या घरात पाणी किती आलंय? उत्तर ऐकल्याशिवाय उठू नका. आमच्याकडे हे विचारायला चाळीस माणसे होती.