दुसरा गेटवे

तिसऱ्यांदा कॉल तुटला तेव्हा जगदेवरावांचं तोंड अर्धं उघडंच राहिलं होतं.

लकव्यानं त्यांची वाचा गेली होती. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातली बाई पडद्यावरून त्यांना बोलायला शिकवायची. त्यासाठी सोजरबाई नवऱ्याला इंझोरीहून वाशीमच्या या शाखेत घेऊन यायची.

"काहून कटून राह्यला बाई? आता कुठं शब्द येऊन राह्यला होता त्याइले," सोजरबाई म्हणाली.

"पाहून राह्यले मावशी," साधना म्हणाली. तिचे डोळे चुरचुरत होते. शाखेची सगळी यंत्रं तिच्या एकटीच्या गळ्यात होती.

यंत्रांचं दुखणं तिला कळलं होतं. गर्दी वाढली म्हणून व्हिडिओ कॉलसाठी दोन गेटवे, म्हणजे कॉल नागपूरला पोचवणारी यंत्रं, जोडीनं बसवले होते, भार वाटून घ्यायला. पण नागपूरच्या सर्व्हरच्या भरवशाच्या यादीत पहिल्याचंच नाव होतं. कॉल पहिल्यावर सुरू होई. मध्येच दुसऱ्यानं निरोप धाडला, की सर्व्हर त्याला परका समजून कॉल तोडून टाकी.

तिनं नागपूरचा सर्व्हर सांभाळणाऱ्या नवीनला फोन लावला आणि दुसऱ्याचंही नाव यादीत टाकायला सांगितलं.

"मॅडम, नाव टाकतो, पण साहेबांची मंजुरी आल्यावर. मी तरी काय करू?" त्याचाही आवाज थकलेलाच होता.

साधना उठली आणि तिनं दुसरा गेटवे सरळ बंद केला. बाकीच्या खोल्यांतले कॉल अडणार होते, लोक ओरडणार होते. ओरडू दे.

कॉल लागला आणि टिकला. पडद्यावरची बाई म्हणाली, "हं काका, पाणी म्हणा. पा...णी."

जगदेवरावांनी ओठ जुळवले. मानेच्या शिरा ताणल्या. पुन्हा. पुन्हा. कपाळावर घाम आला, आणि मग एकदम स्पष्ट शब्द आला, "बस!"

नागपूरची बाई टाळ्या वाजवू लागली. सोजरबाईनं पदर तोंडाला लावला. म्हातारा मात्र रागानं दोघींकडे पाहत होता. त्याला खरंच बस झालं होतं.

त्या खोलीत ते एकट्या साधनाला कळलं. तिनं खुर्ची ओढली, त्यांना टेकायला लावलं आणि पडद्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, आज इतकंच."

मंजुरी आली तेव्हा दवाखाना रिकामा होत आला होता. नवीननं नाव टाकलं. साधनानं दुसरा गेटवे चालू केला, दोन्हींवरून कॉल लावून पाहिले. एकही तुटला नाही. शाबास म्हणायला कोणी नव्हतं. खोलीचे दिवे घालवून ती स्टँडवर आली आणि तिथून सोजरबाईला फोन केला.

"मावशी, आता नाई कटनार. पुढच्या खेपेले या."

"येतो बाई. थे नाई म्हनून राह्यले, पन आनतो त्याइले."

मागून जगदेवरावांचा आवाज आला. "बस!"

"आयकलं?" सोजरबाई हसली. "दुपारपासून हेच चालू हाये."

साधनालाही हसू आलं. तिच्या घरची, कामरगावची गाडी लागली होती. ती चढली, बसायला जागा नव्हती.