माहीमचं जाळं, लालबागची गाठ

आमच्या कॉलेजने पन्नास वर्षांची स्मरणिका काढली. गुळगुळीत कागद, ट्रस्टींचे सतरा फोटो. आमच्या फुटबॉलच्या कोचचं, हरेश्वर सरांचं, नाव कुठेच नाही. छापणाऱ्यांना लाज नसेल, मला आहे. म्हणून लिहितोय.

सर माहीमच्या कोळीवाड्यातले. पहाटे होडीवर, आठ वाजता परळच्या मैदानात आमच्या मागे. अंगाला मासळीचा वास. स्टाफरूममधली सभ्य माणसं नाक धरायची. सर म्हणायचे, "धरू दे रे. नाक धरलेल्या माणसाला धावता येत नाही."

ब्याऐंशी साल. आमच्या गोलला नेटच नव्हतं. बॉल आतून गेला की बाहेरून, यावर दर मॅचला राडा. माझा चक्क आत गेलेला गोल पंचाने बाहेर काढला. सरांनी ऑफिसात नेट मागितलं, तर उत्तर आलं, "यंदा क्रिकेटचं सामान घेतलंय ना!"

तिकडे गिरण्यांचा संप. माझे बाबा गुणाजी, विणकाम खात्यातले. सहा महिने लालबागच्या खोलीत खाटेवर बसून स्वतःच्या हातांकडे बघत होते. मालकांच्या घरी एक दिवस चहा चुकला नसेल. शेवटी बाबा म्हणाले, "जयवंता, पुरे झालो चेंडू. सोमवारी भिवंडीक जा, मामाच्या लूमवर." म्हणजे माझं कॉलेज संपलं, तेही फायनल दहा दिवसांवर असताना. मी मैदानावर जायचं बंद केलं.

शनिवारी दुपारी सर दारात. खांद्यावर फाटकं जाळं, मागे चाळीतली झाडून सगळी मांजरं. मला वाटलं, आता माझ्यासाठी हात जोडणार. सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाळं बाबांपुढे टाकलं.

"गुणाजीराव, हे गोलला लावायचंय. भोकं पडलीत. तुम्ही विणकर ना?"

"मी कापड विणतंय. ह्या काय घेऊन इलंस?"

"नसेल जमत तर सांगा. कोळ्याची गाठ सगळ्यांना नाही जमत."

बाबा खाटेवरून ताडकन उतरले. "गाठ माका शिकवतंस? तुटलेलो धागो डोळे मिटून जोडतंय मी!"

दोघं समोरासमोर मांडी ठोकून बसले. याने एक गाठ मारली, त्याने एक. ओढून बघ, ताणून बघ, "तुझी सैल", "तुमची आंधळी." आई स्टोव्ह बंद करून आली, वाकून बघितलं.

"अगो बाय! दोनय गाठी एकच आसत."

खरंच. तोच वेढा, तोच फास.

"कोळ्यांनी आमची चोरली," बाबा म्हणाले.

"गिरणी कधीची, गुणाजीराव? आणि समुद्र कधीचा?"

बाबा हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा. शेजारची नलूकाकू धावत आली, हे रडतायत की काय बघायला.

सोमवारी बाबा मला घेऊन निघाले ते भिवंडीला नाही, मैदानावर. "जाळा मी विणलंय. त्यात चेंडू कोण मारता, ता नको बघूक?"

फायनल आमच्याच मैदानात. जाळं एकाच गोलला पुरलं. दुसऱ्या हाफमध्ये समोरचा गोलकीपर जाळ्याच्या त्या मासळीच्या वासात उभा राहिला. एक हात नाकाला! मी डावीकडून मारला. बॉल जाळ्यात जाऊन असा बसला की पंचाच्या बापालाही बाहेर काढता आला नसता.

बाबा आणि सर दोघं धावत आत आले. मी मिठीसाठी हात पसरले. दोघं मला ओलांडून जाळ्याकडे!

"बघितलंस? माझ्या गाठीन चेंडू धरलो."

"ती माझी. तुमची वरची."

संप बुडाला. गिरणीने बाबांना परत घेतलं नाही. पण माहीमला जाऊन सरांबरोबर जाळी दुरुस्त करत आणि चोर कोण यावर भांडत बाबा मजेत म्हातारे झाले. भिवंडीचं नाव पुन्हा निघालं नाही.

स्मरणिकेत त्या गोलचा फोटो आहे. खाली छापलंय, "व्यवस्थापनाच्या प्रोत्साहनाने." फोटोतलं जाळं नीट बघा. आणि व्यवस्थापनाला त्यातली एक तरी गाठ मारून दाखवायला सांगा.