दोन ठोके आणि मग एक

मित्रांनो, पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी बिस्किटांचा डबाच वाटतो. तसे समजून झाकण उघडायला जाऊ नका, हाती काही लागणार नाही. मी एक जुना इको, म्हणजे प्रतिध्वनीचे यंत्र आहे. गिटारीचा सूर माझ्यात शिरतो आणि मागाहून पुन्हा पुन्हा बाहेर येतो. माझ्या पोटात टेपचे एक वेटोळे फिरत असते. पहिले हेड त्यावर सूर लिहिते, मधली दोन तो वाचून दाखवतात आणि शेवटचे पुसून टाकते.

माझे हे शेवटचे हेड जन्मतःच कमजोर. पुस म्हटले की नुसता हात फिरवल्यासारखे करणार! कारखान्यातल्या तपासनिसाने माझ्यावर लाल खडूने फुली मारली आणि दुकानात मी मागच्या फळीवर जाऊन पडलो. तिथून मला एका उंच तरुणाने उचलले.

दुकानदार म्हणाला, "अहो, तो नका नेऊ. जुनं पुसतच नाही तो."

"म्हणूनच," तरुण म्हणाला.

दिवसभरात तो तेवढेच बोलला असावा. लोक त्याला घुम्या म्हणत ते काही उगाच नाही.

घुम्याचे आईवडील लवकर गेले होते. थोरल्या बहिणीने, ताईने, कपडे शिवून त्याला वाढवले. एका खोलीत तिचे शिलाईयंत्र आणि भिंतीपलीकडच्या खोलीत आम्ही दोघे. घुम्या एकच सूर छेडायचा, मी तो घोळवायचो, आधीचे सूर खालून डोके वर काढायचे आणि सगळ्याचा मिळून एक रंगीत गलबला व्हायचा. याला सायकेडेलिक रॉक म्हणतात, हे मला पुढे कळले. ताई त्याला डोकेदुखी म्हणायची.

डोके फारच दुखले की ती लाकडी फूटपट्टीने भिंतीवर ठोके द्यायची. आधी लागोपाठ दोन, म्हणजे 'पुरे'. मग ताटे वाढून झाली की एक, म्हणजे 'जेवायला ये'. घुम्याचा माईक भिंतीलगत टांगलेला असे. एकदा त्याने ते ठोके माझ्या टेपवर धरले, टेप हळूच काढली आणि साबणाच्या डबीत जपून ठेवली. ताईला पत्ताच नाही.

एके दिवशी ताईचे एक मोठे गिऱ्हाईक या गोंगाटाला वैतागून कापड परत घेऊन गेले. ताई संतापली. "एक तर हा गोंगाट या घरात राहील, नाहीतर मी!" घुम्याने तिच्याकडे पाहिले, मला काखोटीला मारले आणि तो निघाला. दारात ताई काहीतरी बोलायला आली होती. तो थांबला असता तर बरे झाले असते, असे मला अजूनही वाटते.

पुढे त्याचा बँड निघाला आणि ऐकणाऱ्यांचे सरळ दोन तट पडले. अर्धे म्हणत, असे संगीत झाले नाही. उरलेले म्हणत, झाले नाही तेच बरे! सगळ्यात मोठे भांडण शेवटच्या गाण्यावरून होई. त्या गाण्यापुरती घुम्या साबणाच्या डबीतली टेप मला चढवायचा. सगळी वाद्ये थांबली की माझ्यातून यायचे ठक ठक... आणि बऱ्याच वेळाने ठक. तो शेवटचा ठोका पडला की घुम्या गिटार खाली ठेवून चालता व्हायचा. टाळ्या नाहीत, नमस्कार नाही. कुणी त्याला शिष्ट म्हटले, कुणी अवलिया. वर्तमानपत्रात छापून आले की ड्रमवाल्याचा ताल चुकतो. बिचारा ड्रमवाला शपथा घ्यायचा, "तो ठोका माझा नाही हो!" त्याच्यावर कुणाचा विश्वास बसेना आणि घुम्या तोंड उघडेना. मंचामागे तो काय करत असे, ते मला दिसे. तो डबा उघडून जेवायला बसलेला असे.

अधूनमधून तो ताईकडे जायचा, मुकाट्याने जेवायचा आणि यायचा. ताई विचारायची नाही, तो सांगायचा नाही. मग त्याला आजारपणाने गाठले आणि एका सकाळी तो गेला. त्याच्या सामानासकट मी ताईच्या शिवणाच्या टेबलाखाली आलो. शेवटच्या कार्यक्रमातली ठोक्यांची टेप माझ्यातच राहिली होती. माझ्यावर चिंध्यांचा ढीग साठत गेला. कधी कधी ताई एकटीच पुटपुटायची, "भिंत बडवून बडवून मीच घालवला त्याला." मित्रांनो, माझ्या पोटात उत्तर होते आणि मला तोंड नव्हते!

यंदा त्याच्या वाढदिवसाला चाहत्यांनी छापखान्यावरच्या हॉलमध्ये जमायचे ठरवले आणि एक दंतवैद्य मला मागायला आला. तो घुम्याचा निस्सीम भक्त.

"न्या," ताई म्हणाली. "मला त्याचा काय उपयोग?" पण मागोमाग चपला घालून निघालीच. "मी येते. वायर सैल आहे त्याची, कुणाला शॉक बसायचा."

हॉलमध्ये पोचताच दंतवैद्याने मला टेबलावर उघडले आणि तोंडात घालायचा चिमुकला आरसा माझ्या पोटात घातला. "अरेरे! पुसणारं हेड गेलंय. टेपही जुनाट. घाबरू नका, सगळं नव्यासारखं करून देतो." त्याने चिमट्यात माझी टेप धरली. खाली कचऱ्याची टोपली होती. इतक्या मायेने माझा जीव कुणीच घेतला नसता.

तेवढ्यात ड्रमवाला उठला आणि सभा सुरू झाली. या लोकांची एक रीत होती. ते गाणे आवडणारे आणि न आवडणारे, सगळे मिळून आधी टेबलावर तेच ठोके देत. ठक ठक... ठक.

मागून जिना चढून आलेली ताई दारातच थबकली. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"घुम्याच्या गाण्यातलं आहे ताई," दंतवैद्य म्हणाला. "याचा अर्थ काय, यावर आम्ही वर्षानुवर्षं भांडतोय."

"अर्थ कसला? दोन म्हणजे पुरे. एक म्हणजे जेवायला ये. माझी फूटपट्टी आहे ती!"

ड्रमवाला टुणकन उडाला. "तरी मी सांगत होतो, तो ठोका माझा नाही! आणि तो उठून जायचा तो... जेवायला?" लोक हसले आणि हसता हसता कित्येकांचे डोळे भरले.

दंतवैद्याने टेप होती तशी माझ्यात बसवली आणि मला चालू केले. माझ्या आतून ताईचा हात बोलला. ठक ठक... ठक. कमजोर हेडाने पुसायचे राहून गेलेले सगळे बाहेर आले.

"म्हणजे हा रोज माझ्या हाकेला उठत होता," ताई म्हणाली आणि पदरात तोंड लपवून रडली.

मित्रांनो, जुनी वस्तू दुरुस्त करायला घ्याल तेव्हा एवढे करा. आधी तिच्या घरच्यांना विचारा, हिच्यातला कोणता बिघाड तुम्हाला हवा आहे? आणि घरातल्या अबोल माणसालाही वेळेवर काही विचारत जा.

रडून झाल्यावर ताईने डोळे पुसले आणि माझ्या झाकणावर बोटाने ठोका दिला. मी पुढच्या ठोक्यांची वाट पाहत राहिलो. तो एकच होता.