बरणीतला मी आणि फाटकावरचा मी

मी एक जुना मासा आहे, मित्रांनो. तळ्याकाठच्या निसर्ग संग्रहालयात, काचेच्या बरणीत राहतो. युगांडात मला माम्बा म्हणतात. दलदल आटली की आम्ही चिखलात वेटोळं घालतो, डोळ्यांवर शेपूट ओढतो आणि झोपून जातो. तसाच झोपेत मला कुणीतरी खणून काढलं आणि स्पिरिटमध्ये ठेवलं. पुढची चाळीस वर्षं मुलं काचेला नाक लावून ‘ईऽ’ करत गेली. मला ती फार आवडायची.

मग संग्रहालयाला एक नवं चिन्ह हवं झालं. ते काढायला नाकिबुका आली. आठवडाभर तिनं मला कागदावर उतरवलं.

“सर, स्पिरिट किती उतरलंय! शेपूट उघडी पडलीय.”

“भरू गं, आधी चिन्ह होऊ दे,” संचालक वालुसिंबी म्हणाले. “पण माम्बा कुळाची पोर माम्बाच काढणार! आमच्या कुळाच्या उदमांजरानं काय घोडं मारलं होतं?”

तरी निवड माझीच झाली. फाटकावर एक हिरवागार मासा आला. लोक त्याला माझं नाव देत. मी तर मातकट! मग तो कोण? आणि मी कोण? मला काही उमगेना. इकडे शेपूट सुकत चालली होती.

नव्या चिन्हाच्या उद्घाटनाचं जेवण माझ्याच दालनात होतं. नाकिबुकाचे काका उकडलेल्या केळ्यांचा घास घेत होते. अचानक त्यांचा हात थांबला. थाळीच्या तळाशी मी होतो, हिरवागार छापलेला!

“पोरी, ज्याचं नाव लावतो त्या माम्बाला आपलं कुळ तोंड लावत नाही. आणि तू त्याच्यावर जेवण वाढलंस?”

“काका, थाळ्यांचं मला कुणी विचारलंच नाही!” तिला रडू फुटलं.

“अहो, नुसतं चित्र आहे ते,” वालुसिंबी गडबडले.

“मग खरा कुठाय?”

सगळे माझ्यापाशी आले. काकांनी टोपी काढली. बराच वेळ ते माझ्या सुकलेल्या शेपटीकडे पाहत राहिले.

“चित्राला एवढा रंग, आणि याला घोटभर स्पिरिट नाही?”

त्याच दुपारी नाकिबुकानं बरणी काठोकाठ भरली. शेपूट भिजली तेव्हा मला किती बरं वाटलं, काय सांगू! थाळ्या माळ्यावर गेल्या. वालुसिंबींनाही आनंद झाला असावा. त्यांनी एक मोठं नवं चिन्ह आणलं आणि बरणीवर समोरून चिकटवलं.

आता मुलं हिरव्या माशाला पाहून टाळ्या पिटतात. ‘ईऽ’ कुणीच करत नाही. मित्रांनो, याल तेव्हा जरा बरणीच्या मागच्या बाजूनं या. मी तिथंच आहे.