अर्ध्या अंगाचा रंग

मित्रांनो, मी वीतभर लांबीचं लष्करी हेलिकॉप्टर आहे. आकाश मी फक्त खिडकीतून पाहिलं. कारखान्यातून निघालो तेव्हा मी खोक्यातले करड्या प्लास्टिकचे शंभरेक सुटे तुकडे होतो. मला अंगरूप मिळालं ते वेंगुर्ल्यातल्या भाईंच्या घरात.

भाईंचं तरुणपण सैन्यातली हेलिकॉप्टरं दुरुस्त करण्यात गेलं. वर्षातून महिनाभर ते गावी येत. बाकीचं वर्ष त्यांची बायको, सावित्रीकाकी, काजूच्या कारखान्यात राबत आणि मुलगी दिव्या हिला वाढवत. निवृत्तीनंतर काही वर्षांनी भाईंचे हात कापू लागले. वडिलांचा वेळ जावा म्हणून पुण्याला नोकरी करणाऱ्या दिव्यानं मला पाठवलं.

पहिल्याच दिवशी भाईंच्या हातून माझी शेपटी मोडली. त्यांनी खोकं मिटलं. “हात आयकनत नाय आता,” ते म्हणाले.

दुसऱ्या दुपारी सावित्रीकाकींनी खोकं पुन्हा उघडलं. “तुमी नुसता सांगा. पयलो तुकडो खंयचो?”

“ह्या तुझा काम न्हय.”

“पंचवीस वर्सां काजीगर सोललंय मी. येकव फुटूक देवक नाय.”

भाई हसले. मग रोज जेवणं आटोपली की ते सांगत आणि काकी चिमट्यानं तुकडा उचलून चिकटवत. माझी मोडकी शेपटीही काकींनीच जोडली. जोडता जोडता भाई बोलू लागले. पुरात अडकलेल्या माणसांना आणायला हेलिकॉप्टर घेऊन गेलेला त्यांचा मित्र परतला नव्हता. हे त्यांनी माझ्या पंख्याचं पातं बसवताना सांगितलं. काकींचा चिमटा थांबला.

“इतक्या वर्सांत कधी बोलाक नाय तुमी?”

“तू इचारलंस खंय?”

लग्नाला चाळीस वर्षं झालेली ती दोघं माझ्या निमित्तानं एकमेकांना भेटत होती. मला त्याचा फार अभिमान वाटे.

मग रंगाची पाळी आली. डबीतला हिरवा रंग भाईंना पटेना; सैन्यातल्या हेलिकॉप्टरांचा हिरवा वेगळा होता म्हणत. एका बशीत ते त्यात थेंबथेंब काळा, पिवळा घालत आणि घोटत. पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी ते ओरडले, “ह्यो! ह्योच तो!” काकींनी त्यांचं मनगट धरलं आणि दोघांनी मिळून माझी उजवी बाजू रंगवली. ब्रशचे फटकारे वेडेवाकडे उमटले. डावी बाजू उद्या करायची ठरली.

संध्याकाळी भाईंच्या छातीत दुखू लागलं. शेजाऱ्यांनी त्यांना रिक्षात घालून नेलं. ते परत आले नाहीत.

दिव्या आली. तेरावं झाल्यावर एका सकाळी काकी पेन्शनच्या कागदांसाठी बाहेर गेल्या होत्या. माझं अर्धं करडं अंग पाहून दिव्याचे डोळे भरले. ती बाजारातून रंगाचा फवारा घेऊन आली. वेडेवाकडे फटकारे तिनं पॉलिशपेपरनं घासून काढले आणि मला दोन्ही बाजूंनी चकचकीत हिरवं केलं. मित्रांनो, मला वाचा असती तर!

काकी घरी आल्या.

“आई, बघ. भाईंचं राहिलेलं काम मी पुरं केलं.”

काकींनी मला हातात घेतलं. उजव्या बाजूवरून सावकाश बोट फिरवलं. “बरा केलंस गो,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, “ती बशी खंय आसा?”

“रंगानं माखलेली? घासून ठेवली.”

काकींनी मांडणीतली स्वच्छ बशी काढली आणि ती मांडीवर घेऊन बसल्या. “तेंनी घोटलेलो रंग हेच्यात होतो, आमी दोगांनी मिळान उजवी बाजू रंगवलेली,” त्या म्हणाल्या. तेव्हा कुठे दिव्याला कळलं. ती आईच्या खांद्यावर डोकं टेकून रडू लागली. “मला माहीत नव्हतं गो, आई.”

“तुका कसा म्हायत असतला? मी सांगूक नाय.”

आता मी काचेच्या कपाटात असतो. येणारे-जाणारे कौतुक करतात, किती नवंकोरं दिसतं म्हणतात. मित्रांनो, वस्तूवर धूळ बसली तर जरूर पुसा, तुटली तर जोडा. पण कुणाचं काम अर्धं राहिलेलं दिसलं, तर हात लावण्याआधी घरातल्यांना एकदा विचारा. माझ्या उजव्या अंगावर आता कापऱ्या हाताची एकही खूण दिसत नाही.