रानडुकरावरचा आळ

आमच्या ऐन मसूद गावच्या रेडिओला एरवी कुत्रं विचारत नाही. रमजानात मात्र संध्याकाळी घराघरांत आम्हीच. राजधानीत सूर्य आधी मावळतो, आमच्या दक्षिणेत नंतर. तिकडची अजान ऐकून घास घेतला तर दिवसभराची उपासमार फुकट जाते. म्हणून शोरबा वाढून, खजूर हातात धरून सगळं गाव आमच्याकडे कान लावून बसतं. मी नौफल, तिथला तंत्रज्ञ. अजान मी लावतो, त्यामुळे महिनाभर माझा रुबाब असतो.

त्या वर्षी शाळेतली पोरं पिवळी पडायला लागली. आमची बातमीदार बेया, तिचा मुलगा इयादही काविळीने इस्पितळात होता. ताटात कुसकुस नुसता दिसला तरी ओकायचा. तालुक्याचे साहेब लमजेद यांनी गाडीतून न उतरता चौकशी केली आणि जाहीर केलं, दोष रानडुकरांचा. बागांमधून येतात, झऱ्यात लोळतात, पाणी नासवतात. डुकरं मारायचा हुकूम सुटला. साहेबांची अक्कल बघा, आमच्या मुलखात डुकराची बाजू घेणार कोण? शिकाऱ्यांनी हौसेने बंदुका काढल्या. एक डुक्कर पडलं आणि इमामसाहेबांचं गाढव पडलं. कावीळ काही हटली नाही.

शाळेचा नळ गावाच्या टाकीवरचा, तो चालूच होता. बेयाची धाकटी मुलगी सिरीन त्याच शाळेत. बेया तिला घरून बाटली द्यायची, पण पोरं खेळून आली की नळाला तोंड लावणारच. लहानांना कुठला आलाय रोजा?

गावाच्या टाकीच्या वरच्या अंगाला साहेबांच्या मेव्हण्याने नवं विश्रामगृह बांधलं होतं. बेयाला संशय तिथला.

"तू आत जा, खोल्या बघायच्यात म्हण, आणि संडासातली साखळी ओढ," ती मला म्हणाली. "मी टाकीत मायक्रोफोन सोडते."

"अगं, कोणी हटकलं तर?"

"पोट बिघडलंय म्हण. तुझ्या तोंडाकडे बघून कोणालाही पटेल."

मी साखळी ओढली. खात्री हवी म्हणून पुन्हा पुन्हा ओढली. आणि दर वेळी, मी इकडे ओढली की थोड्या वेळाने तिकडे टाकीत गुळगुळ करत काहीतरी धबाककन पडत होतं. एवढी वर्षं मी गाणी, भाषणं, फुटबॉल सगळं ऐकवलं, पण इतकं स्वच्छ ध्वनिमुद्रण कधी हाती लागलं नव्हतं.

अजानच्या आधी आम्ही ते लावलं. ऐन जेवायच्या वेळी. गावाने आम्हाला शिव्या घातल्या, पण ऐकलं सगळ्यांनी. साहेबांचा लगेच फोन आला.

"तो डुकराचा आवाज आहे," ते म्हणाले.

"साहेब, डुक्कर साखळी ओढतं का?" बेयाने विचारलं. "उद्या इथे या. शाळेच्या नळाचं पाणी लोकांसमोर प्या. मी जाहीर माफी मागते आणि नोकरी सोडते."

"येतो की! पण बाई, मी रोजेदार माणूस. पाणी कसं पिणार?" साहेब खो खो हसले.

दुसऱ्या दिवशी ते खरंच आले. अजानच्या बरंच आधी निघून जायचं असा त्यांचा बेत होता. बेयाने पाण्याचा विषयच काढला नाही. "साहेब, तालुक्यासाठी आपण इतकं केलंत, लोकांना ठाऊकच नाही," एवढंच म्हणाली. झालं! साहेब सुरू. रस्ता, पूल, बाजाराची कमान, कमानीवरचा रंग. शाळेत असताना त्यांना वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं होतं, तेही आलं. त्यांना घड्याळाची शुद्धच राहिली नाही. मी काचेआडून बघत होतो आणि मला हसू आवरत नव्हतं.

वेळ झाली. मी अजान लावली. ती संपल्यावर एरवी आम्ही वाद्यसंगीत लावतो आणि जेवायला पळतो. त्या दिवशी मी मायक्रोफोन चालूच ठेवला. बेयाने साहेबांपुढे खजूर ठेवले, आणि शाळेच्या नळाचं पाणी भरलेला पेला.

"बिस्मिल्ला, साहेब. शाळेच्या नळाचंच आहे."

आमच्यात पाहुण्याने पेला उचलल्याशिवाय यजमान रोजा सोडत नाही. बेया बसून राहिली. साहेबांनी खजूर तोंडात टाकला. चघळला. बराच वेळ चघळला. दिवसभराचा कोरडा घसा, वर चिकट खजूर. त्यांचे डोळे पाणावले. हात पेल्याकडे गेला आणि परत आला. मग ते काचेकडे वळून ओरडले, "मोईझ! अरे, गाडीतली बाटली आण लवकर!"

मोईझ त्यांचा चालक. तो धावत बाटली घेऊन आला. साहेबांनी अर्धी घटाघटा संपवली आणि मग त्यांना वर लागलेला, प्रक्षेपण चालू असल्याचा लाल दिवा दिसला. माणूस ओशाळला. रीत म्हणून उरलेली बाटली बेयापुढे धरली.

"घे पोरी. तूही दिवसभर उपाशी आहेस."

बेयाचे ओठ सुकून पांढरे झाले होते. तिने बाटली घेतली नाही.

"एवढ्यात सगळ्या शाळेचं भागेल का, साहेब?" ती म्हणाली. टोमणा मारायला गेली आणि आवाज फाटला. "माझ्या इयादला द्या ना. नाहीतर सिरीनला. ती उद्या परत त्याच नळावर जाणार आहे."

साहेबांनाही लेकरं असतील, मला ठाऊक नाही. मला इतकंच ठाऊक आहे की त्यांनी खिशातून फोन काढला आणि सगळ्या गावाच्या कानांदेखत म्हणाले, "टाकी बंद करा. आत्ता. हो, मेव्हण्याचंही पाणी तोडा."

तेव्हा कुठे बेयाने बाटली ओढून घेतली, एका दमात रिकामी केली आणि टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडली. मायक्रोफोन मी तेव्हा बंद केला.