शुक्रवारचे तबक

नवरा अल्लाल गेल्यानंतरच्या तिसऱ्या शुक्रवारी त्याच्या धाकट्या भावाने, मफद्दलने, चहाचे तबक उचलून बतूलच्या पुढ्यात ठेवले, आणि त्या एका कृतीवर तिने आपले उरलेले आयुष्य टेकवले.

मेकनेस शहरात तबक कुणाच्याही पुढ्यात ठेवत नाहीत. ज्याच्यासमोर किटली आणि पेले येतात, घर त्याचे. तीस वर्षे ते अल्लालसमोर येत होते. गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यांत पुदिना वाढवायचा तो बतूलने; चहा करायचा अल्लालने. कौतुक त्याच्या वाट्याला येई आणि तिला त्याचे कधी काही वाटले नाही.

आता ती पांढऱ्या वस्त्रांत होती. विधवेच्या शोकाची मुदत चार महिने दहा दिवसांची: उंबरा ओलांडायचा नाही, मेंदी नाही, काजळ नाही, अत्तर नाही. पुदिना खुडल्यावर बोटांना राहणारा वासही अत्तरात मोजला जात असेल का, या शंकेने ती हात तीनतीनदा धुई. वास जात नसे. मूलबाळ नव्हते. वाटणीत तिच्या नावे घराचा चौथा हिस्सा निघत होता, पण चौथ्या हिश्श्यात जिना येतो की नुसती खिडकी, हे तिला कुणी सांगितले नव्हते. तिला हवी होती गच्चीवरची एक खोली. शब्दांत मागितली असती तर नकारही शब्दांत आला असता. म्हणून तिने ते मागणे चहावर सोपवले.

दिवस नीट उजाडण्याआधी ती वर जाई. मुळांनी आपलेच गळे आवळलेले जुने डबे तिने उपडे केले, दगडासारखे झालेले गड्डे सुरीने कापून वेगळे केले, ताज्या मातीत लावले. भाज्या धुतलेले पाणी जपून ठेवून घातले. सहा डब्यांचे चौदा झाले. घरात सगळे काही संपत असताना गच्चीवर तेवढे एक हिरवेपण निर्लज्जपणे पसरत राहिले. दर शुक्रवारी मफद्दलचे कुटुंब जेवायला येई, जेवणानंतर ती उंचावरून धार धरी, पेल्यांवर फेसाचे फेटे चढत, आणि मफद्दल म्हणे की या चहापायी एक दिवस त्याचे बायकोशी बिनसणार, कारण घरी त्याला मिळतो तो नुसता खोकल्याचा काढा. सगळे हसत. त्या हसण्यात बतूलला खोलीचे दार उघडल्यासारखे वाटे.

जुलै लागला. मुदतीचा शेवटचा आठवडा होता. गुरुवारी सकाळी मफद्दलची सून नुझा मोबाइल हातात घेऊन गच्चीवर आली.

"काकू, पाणी दिवसातून किती वेळा? बाबा म्हणाले, सगळं नीट विचारून घे, नाहीतर महिन्याभरात मारून टाकशील."

"कुणाला?" बतूलने विचारले, कळत असूनही.

"पुदिन्याला हो," नुझा हसली. "म्हणजे आम्ही इथं राहायला आल्यावर."

पोरगी दुष्ट नव्हती. तिला वाटले होते की काकूंना ठाऊक आहे; सगळ्यांनाच तसे वाटले होते. बतूल पालथ्या बादलीवर बसली. एक खोटा शब्द जिभेच्या टोकाशी आला: भर दुपारी घाल पाणी. आठवड्यात चौदाही डबे होरपळले असते. पण खोट्यालाही पिकताना पाहायला कुणाला तरी मागे राहावे लागते, आणि ती तर इथे नसणार होती. तिने सगळे खरे सांगितले. पाणी पहाटे. देठ खालच्या दोन पानांच्या वर कापायचा. वर्षातून एकदा मुळे फोडायची. नुझा मोबाइलवर टिपून घेत होती, मधूनच "थांबा ना, काकू, हळू" म्हणत होती.

शुक्रवारी, जेवण आवरल्यावर, बतूलने मफद्दलला बाजूला गाठले.

"भावजी, तबक तुम्ही माझ्यापुढं ठेवलं होतंत."

तो खरोखर गोंधळला. "अहो वहिनी, दुःखाच्या घरात हात रिकामे राहू नयेत. वडील गेले तेव्हा आईलाही आम्ही डाळ निवडायला बसवलं होतं." मग, काहीतरी चांगले बोलायला हवे असे वाटून, तो म्हणाला, "खेमिसेत गावी तुमच्या भावाच्या इमारतीला लिफ्ट आहे म्हणे. तिसरा मजला असला तरी तुम्हाला तिथं राहायला त्रास नाही."

तबक नुझाच्या पुढ्यात गेले.

बतूल तिच्या चुका मोजत बसली. चहापत्तीवरचे पहिले पाणी तिने नीट खळबळून फेकले नाही. पुदिना बोटाने कोंबला. धार बुटकी धरली. एकाही पेल्यावर फेटा चढला नाही. बतूल मफद्दलच्या कपाळाकडे पाहत राहिली. एक आठी पडली असती तरी पुरे होते. त्या आठीत ती जन्मभर राहिली असती. मफद्दलने फुरका मारला, बोलणे न थांबवता पेला संपवला आणि दुसऱ्यासाठी पुढे केला.

मग तिने स्वतःचा पेला ओठांना लावला. चव तीच होती. चार महिने तिला वाटत आले होते की त्यात आपण आहोत, आपले जागरण, आपले हात आहेत. त्यात पुदिना होता. त्याला कुणाचीच ओळख नव्हती.

"कसा झालाय, काकू?" नुझाने विचारले.

"छान झालाय," बतूल म्हणाली. आणि ते खोटे नव्हते. यापलीकडे तिच्यापाशी काही उरले नव्हते.